वेगवेगळ्या रुग्णालयांतले मेंदूचे एमआरआय एकत्र करून अभ्यास करता येतो का?

पुण्यातल्या एका खासगी मेडिकल कॉलेजात रेडिओलॉजीचे सहायक प्राध्यापक असलेल्या डॉक्टरांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस), एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) आणि मॉग (मॉग या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीमुळे होणारा आजार) या मेंदू-मज्जारज्जूच्या तीन आजारांचे मिळून चाळीसेक रुग्ण आहेत. शहरातली आणखी दोन रुग्णालयं आणि सोलापूर, कोल्हापूरचं एकेक, अशी पाच ठिकाणं गेल्या सात-आठ वर्षांचे एमआरआय एकत्र करायला तयार झाली आहेत. त्यातून मेंदू किती आकसतो ते मोजायचं आणि जमलं तर हे तीन आजार ओळखायला एआयला शिकवायचं, असा बेत आहे. मशीन प्रत्येकाचं वेगळं, सोलापूरचं तर दीड टेस्लाचं, म्हणजे कमी ताकदीच्या चुंबकाचं. सुरुवात कुठून करावी, डेटा कोणाच्या मालकीचा आणि परवानग्यांचं काय, असं त्यांनी विचारलं आहे.

मी पुण्यातच न्यूरोरेडिओलॉजी करतो आणि अनेक केंद्रांच्या अभ्यासांत स्कॅन वाचायचं काम बरीच वर्षं केलं आहे. बरंचसं तुमच्या पाच ठिकाणी प्रत्यक्षात काय आहे यावर ठरेल. पॅक्समध्ये (रुग्णालयाच्या स्कॅन साठवायच्या यंत्रणेत) स्कॅनच्या मूळ डायकॉम फाइली शिल्लक आहेत की नुसते रिपोर्ट, अँटिबॉडीची तपासणी कुठल्या पद्धतीने झाली, रुग्ण पुन्हा तपासणीला येतात का, यावर उत्तर बदलतं. तरी काही गोष्टी कुठेही गेलात तरी तशाच घडतात. त्या सांगतो.

मशीनचा मुद्दा तुम्ही पहिल्या नंबरवर ठेवला आहे, मी तो दुसऱ्यावर नेईन. तुमच्या लिहिण्यावरून मला दिसतं ते असं: पाच विभागप्रमुख एकत्र बसले, ‘आपल्याकडे एवढा डेटा पडून आहे, काहीतरी करू या’ यावर एकमत झालं आणि नेमका प्रश्न कुठला ते नंतर बघायचं ठरलं. आपल्याकडची बहुतेक कोलॅबोरेशनं अशीच सुरू होतात. तिसऱ्या बैठकीनंतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवाळीच्या शुभेच्छा तेवढ्या उरतात. म्हणून आधी प्रश्न ठरवा. कुठले स्कॅन लागणार, किती आणि कोणाकडचे, हे त्यातूनच निघतं.

तुम्ही निवडलेला पहिला प्रश्न, म्हणजे मेंदूचं आकसणं, पाच मशीनांवरच्या जुन्या स्कॅनवरून सुटणार नाही. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळे अडकतात. निरोगी प्रौढाचा मेंदू वर्षाला साधारण ०.१ ते ०.३ टक्के आकसतो. एमएसमध्ये उपचार नसतील तर हे प्रमाण ०.५ ते १.३ टक्क्यांच्या आसपास जातं. मेंदू बाराशे मिलीलिटरचा धरला तर अर्धा टक्का म्हणजे सहा मिलीलिटर, चहाच्या चमच्याहून जेमतेम जास्त. एवढा फरक तुम्हाला पकडायचा आहे. आणि मशीन बदललं, डोक्याभोवतीची सिग्नल टिपणारी कॉइल बदलली, नुसतं सॉफ्टवेअर अपग्रेड झालं, तरी मोजमापात याच्या तोडीचा फरक पडू शकतो.

हे तर्काने सांगत नाही. उत्तर अमेरिकेतल्या ‘नेम्स’ या एमएस-इमेजिंगच्या गटाने एक साधा प्रयोग केला होता, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एमएसचा एकच रुग्ण, आजार स्थिर असलेला, सात केंद्रांवर फिरवला. सगळीकडे एकाच कंपनीचं तीन टेस्लाचं मशीन, प्रोटोकॉल आधीच जुळवलेला, प्रत्येक ठिकाणी दोनदा स्कॅन. माणूस तोच, मेंदू तोच. तरीही मेंदूच्या भागांचे आणि आजाराने पडलेल्या डागांचे आकार केंद्रागणिक वेगळे आले. इतकी तयारी करून हे होत असेल, तर तीन कंपन्यांची मशीनं, दोन वेगळ्या टेस्ला आणि पाच मिलीमीटर जाडीचे जुने काप घेऊन आपण काय मोजणार?

त्यात आपल्याकडची भर वेगळीच. बार्शीहून रात्रीच्या एसटीने आलेला रुग्ण कॉन्ट्रास्ट (डाग उठून दिसावेत म्हणून शिरेतून द्यायचं औषध) लागेल म्हणून उपाशी असतो, पाणीही प्यालेला नसतो. शरीरातलं पाणी कमी झालं की मेंदूचं आकारमान मोजता येईल इतकं कमी होतं. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे पाच दिवसांचे डोस नुकतेच झाले असतील तर सूज उतरते आणि मेंदू आकसल्यासारखा दिसतो. जुन्या फाइलीत यातलं काहीच नोंदलेलं नसतं. तेव्हा आकसण्याचा प्रश्न आज बाजूला ठेवा. नव्याने, एकाच रुग्णाचे एकाच मशीनवर, ठरलेल्या प्रोटोकॉलने स्कॅन करायला लागलात की दोन-तीन वर्षांनी त्याकडे वळता येईल.

मग आज काय करायचं? मी तुमच्या जागी असतो तर पश्चिम महाराष्ट्रातल्या रुग्णांमुळेच ज्याचं उत्तर देता येईल असा प्रश्न घेतला असता: एमएस, एनएमओ आणि मॉग हे तीन आजार आपल्या नेहमीच्या एमआरआयवर कितपत वेगळे ओळखता येतात, आणि आपल्याकडे कशामुळे गल्लत होते?

डॉक्टर नसलेले वाचकही इथे असतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. तिन्ही आजारांत शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेवर उलटते. दिसायला सारखे, स्वभावाने वेगळे. एनएमओची अँटिबॉडी २००४ साली सापडली, पुढच्याच वर्षी ती अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्ध असते हे कळलं. एनएमओचे आज वापरात असलेले आंतरराष्ट्रीय निकष २०१५ चे आणि मॉगचे २०२३ चे, म्हणजे प्रकरण अजून ताजं आहे. निदान चुकलं तर किंमत मोठी असते. इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधं एनएमओच्या रुग्णाला दिली तर आजार बळावू शकतो. एनएमओच्या एकेका झटक्यात डोळा किंवा पाय कायमचे जाऊ शकतात.

एमएसच्या एमआरआयवर युरोपातलं ‘मॅग्निम्स’ हे जाळं तीसेक वर्षं काम करतंय. त्यांच्याकडे एमएसचे रुग्ण आपल्या कितीतरी पट आहेत, तिथे आपण काय भर घालणार! पण या तिन्हींत एनएमओचा वाटा आशियात युरोपपेक्षा जास्त आहे. शिवाय गोंधळात टाकणारी आपली यादी वेगळी. मेंदूतला क्षय, न्यूरोसिस्टिसर्कोसिस, बी-१२ च्या कमतरतेने मज्जारज्जूत होणारे बदल, हे आपल्या ओपीडीत रोजचे. युरोपातल्या स्कॅनवर शिकलेल्या एआयने यातलं फारसं पाहिलेलं नसतं. पुणे, सोलापूर, कोल्हापूर एकत्र आलात तर हा साठा तुमच्याकडे आपोआप तयार होतो.

आणि जुने स्कॅन इथे उपयोगी पडतात. आकारमान मोजायचं नसेल, डाग कुठे आहे एवढंच वाचायचं असेल, तर पाच मिलीमीटरचा कापही बरंच सांगतो. मज्जारज्जूतला डाग तीन किंवा अधिक मणक्यांइतका लांब आहे का? डोळ्याच्या नसेचा मागचा भाग किंवा कायाझ्मा, म्हणजे दोन्ही नसा एकमेकींना ओलांडतात ती जागा, धरला आहे का? एरिया पोस्ट्रेमात, म्हणजे ज्यामुळे रुग्ण दिवसेंदिवस उचक्या आणि उलट्या घेऊन पोटाच्या डॉक्टरांकडे फिरत राहतो त्या जागी, डाग आहे का? मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोझमला काटकोनात निघालेले बोटांसारखे डाग आहेत का? बाह्यस्तराला चिकटून आहेत का? प्रत्येकाचं उत्तर हो, नाही किंवा ‘या स्कॅनवर सांगता येत नाही’. हा तिसरा पर्याय ठेवाच. तो नसला की वाचणारा अंदाज ठोकतो आणि अंदाज नेहमी त्याच्या लाडक्या निदानाकडे झुकतो.

वाचायला दोघं हवेत, एकमेकांपासून वेगळे बसून, निदान आणि रुग्णालयाचं नाव दोन्ही झाकून. मतभेद झाले तर तिसऱ्याकडे. दोघांचं कितपत जुळलं ते आकड्यात द्या. हा अभ्यास दिसायला छोटा आहे, एआय हा शब्दही त्यात नाही. पण वर्षभरात पुरा होतो, पाच जणांना एकत्र काम करायची सवय लागते आणि कोणाच्या पॅक्समध्ये खरंच काय आहे ते उघडं पडतं. हे उघडं पडणं सगळ्यात मोलाचं. ‘आमच्याकडे दोनशे एमआरआय आहेत’ म्हणणाऱ्याकडे बघायला गेलं तर निम्म्यांच्या सीडीवर नुसत्या जेपेग, काहींच्या मज्जारज्जूचा एमआरआयच नाही आणि उरलेल्यांत कॉन्ट्रास्ट दिल्यावर किती मिनिटांनी स्कॅन केला त्याची नोंद नाही, असं चित्र असतं.

एक खाच मात्र आहे. तीन आजारांत रुग्णांची वाटणी कशाच्या आधारे केली? अ‍ॅक्वापोरिनची अँटिबॉडी एलायझाने तपासली असेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नका. सेल-बेस्ड, म्हणजे पेशींवर करायची, पद्धत जास्त नेमकी. मॉगची अँटिबॉडी कमी टायटरला, म्हणजे कमी प्रमाणात, आली असेल तर २०२३ चे निकष नुसत्या त्या रिपोर्टवर निदान करू देत नाहीत, जोडीला आजाराची इतर लक्षणं आणि एमआरआयचा आधार लागतो. रक्त स्टेरॉइड किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज सुरू व्हायच्या आधी घेतलं की नंतर, हेही पाहा. एमआरआयची कितीही बारकाईने जुळवाजुळव केलीत आणि निदानाचा रकानाच ढिसाळ निघाला, तर सगळं फुकट. पाचही ठिकाणचे नमुने एकाच लॅबला, एकाच पद्धतीने तपासायला पाठवता आले तर पैसे तिथे खर्च करा.

मंगळूरच्या के. एस. हेगडे मेडिकल अकॅडमीत या आजारांची नोंदवही आणि अँटिबॉडीची सेल-बेस्ड तपासणी बरीच वर्षं चालू आहे. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) पाठबळाने देशपातळीवरची नोंदणीही सुरू झालेली आहे. तुमचा फॉर्म छापायच्या आधी त्यांचे रकाने कुठले आहेत ते विचारा. पुढे त्यात सामील व्हायचं झालं तर पुन्हा पहिल्यापासून फायली चाळायला लागू नयेत.

आता पुढच्या स्कॅनबद्दल. जुन्यावर वाचनाचा अभ्यास चालू असतानाच नव्या रुग्णांसाठी पाचही ठिकाणी एक किमान प्रोटोकॉल लावून टाका. २०२१ मध्ये मॅग्निम्स, नेम्स आणि एमएस केंद्रांची एक संघटना अशा तिघांनी मिळून शिफारशी दिल्या आहेत, त्याच घ्या. स्वतःचं काही वेगळं शोधत बसू नका. गाभा आहे थ्रीडी फ्लेअर, म्हणजे मेंदूतलं पाणी काळं दाखवून डाग उठवणारा स्कॅनचा क्रम, एक मिलीमीटरच्या आसपासचे घनाकार व्हॉक्सेल (चित्राचे ठोकळे). याच क्रमाला सीमेन्सवर स्पेस म्हणतात, जीईवर क्यूब, फिलिप्सवर व्हिस्टा. बैठकीत एक जण ‘आमच्याकडे क्यूब आहे’ म्हणतो, दुसरा ‘आमच्याकडे तसलं काही नाही, स्पेस आहे’, आणि दोघांकडे एकच गोष्ट असते. जोडीला थ्रीडी टी-वन हा दुसरा क्रम, सगळ्या मज्जारज्जूचे उभे काप, आणि डोळ्याची तक्रार असेल तर चरबीचा सिग्नल दाबून ऑर्बिटचा, म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा, स्कॅन. कॉन्ट्रास्ट दर फॉलो-अपला लागत नाही, त्यातल्या गॅडोलिनियमचा वापर जपून करा असंच आता सांगितलं जातं. रुग्णाचा खर्चही वाचतो.

हे सगळं कागदावर सोपं. खरा प्रोटोकॉल कन्सोलवर बसलेल्या टेक्निशियनच्या हातात असतो. जुन्या टूडी पद्धतीत तो आधी मधला उभा काप काढतो, त्यावर कॉर्पस कॅलोझमच्या पुढच्या आणि मागच्या टोकाच्या खालच्या कडांना टेकणारी रेघ ओढतो आणि आडवे काप तिला समांतर लावतो. नवा मुलगा असला की रेघ कपाळाच्या अंदाजाने जाते. मग गेल्या वर्षीचा आणि यंदाचा काप एकमेकांवर बसत नाही आणि जुनाच डाग ‘नवा डाग’ म्हणून रिपोर्टमध्ये येतो. निकषांत तीन मिलीमीटरचा डागही मोजतात. पाच मिलीमीटरच्या कापांत आणि मधल्या फटीत तो सहज हरवतो. थ्रीडी घेतलं की नंतर हव्या त्या रेघेवर काप पाडता येतात. म्हणूनच माझा त्यावर एवढा हट्ट आहे.

पण थ्रीडी फ्लेअरला पाच-सहा मिनिटं जातात, दीड टेस्लावर जास्त. आपल्याकडे एमआरआयचा स्लॉट वीस-पंचवीस मिनिटांचा, बाहेर रांग, आणि अनेक रुग्णालयांत मशीन कंत्राटावर दुसऱ्याच कोणाचं. त्याला तुमच्या पेपरशी काय देणंघेणं? म्हणून वाढीव क्रम मागण्याऐवजी बदली मागा. टूडी फ्लेअर तीन दिशांनी काढत असाल तर ते सोडा, त्याच वेळात एक थ्रीडी बसतो. अशी मागणी मान्य होते. प्रोटोकॉल मशीनवर वेगळ्या नावाने, कुलूपबंद फोल्डरमध्ये साठवा आणि त्याची छापील प्रत कन्सोलशेजारी चिकटवा. सॉफ्टवेअर अपग्रेडला आलेला इंजिनिअर जुने प्रोटोकॉल पुसून जातो आणि सहा महिने कोणाला पत्ता नसतो, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. दर महिन्याला प्रत्येक केंद्राचा एक स्कॅन कोणीतरी उघडून सेटिंग जुळतंय का ते बघायलाच हवं.

पाच ठिकाणी सुरुवात झाली की दोन-तीन निरोगी स्वयंसेवक सगळ्या मशीनांवरून फिरवून आणा. पुणे-सोलापूर आणि पुणे-कोल्हापूर, दोन्ही एका दिवसात जाऊन येण्यासारखं. फँटमही (मशीन तपासायचा कृत्रिम नमुना) वापरा, पण फँटमला रक्तवाहिन्या नसतात आणि तो हलत नाही. माणसाच्या डोक्यावर काय घडतं ते माणसाचं डोकंच सांगतं. आकसण्याचा प्रश्न कधी हाती घ्यायचा झाला तर हीच फेरी तुम्हाला मशीनमशीनमधला फरक किती ते सांगेल.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: जुने स्कॅन डागांची जागा वाचायला घ्या, आकारमान मोजायला नाही, निदानाचा रकाना आधी पक्का करा, आणि नवे स्कॅन आजपासून एकाच पद्धतीने काढा.

एआयबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलं आहे. माझा त्याला विरोध नाही, पण तुमच्या डेटात एक सापळा आधीच लावलेला दिसतो. समजा पुण्यातल्या तुमच्या तिघांपैकी एकाचं डोळ्यांच्या रुग्णालयाशी संधान आहे. डोळ्याच्या नसेची सूज घेऊन येणारे सगळे तिकडे जातात आणि साहजिकच एनएमओ, मॉगचे बहुतेक रुग्ण त्या एका मशीनवर जमतात. दुसरीकडे एमएसचा जुना दवाखाना आहे, तिथे एमएसच. आता एआयला शिकवलंत तर तो आजार शिकण्याऐवजी मशीन शिकेल. चित्राच्या कडेचा नॉइज बघून ‘हे त्या रुग्णालयाचं, म्हणजे एनएमओ’ असं ठरवेल आणि तुमची अचूकता नव्वदच्या वर दिसेल. कॉम्बॅटसारखी आकडेशास्त्रीय पद्धत लावून केंद्रांतला फरक काढून टाकू म्हणाल, तर आजारातला खरा फरकही त्याच झाडूने साफ होईल, कारण इथे केंद्र आणि आजार एकमेकांत गुंतलेले आहेत. ही गुंतागुंत नंतर कुठलंही सॉफ्टवेअर सोडवत नाही. रुग्ण निवडतानाच प्रत्येक केंद्रावर तिन्ही आजार येतील असं पाहावं लागतं. आणि चाचणी घेताना एक केंद्र पूर्ण बाजूला ठेवा. चार केंद्रांवर शिकलेला एआय पाचव्यावर कसा वागतो तोच आकडा छापा.

दुसरा एक घोळ खास आपला. पुण्यातला रुग्ण एका डॉक्टरवर थांबत नाही. सोलापूरला एमआरआय होतो, पुण्यात एका ठिकाणी दुसरं मत, मेव्हण्याच्या ओळखीने तिसरं. तुमच्या पाच याद्यांत तो तीनदा येणार. नावावरून शोधायला जाल तर एकीकडे इंग्रजीत आडनाव वेगळं लिहिलेलं, दुसरीकडे वडिलांचं नाव गाळलेलं, मोबाइल मुलाचा, जन्मतारीख १ जानेवारी. आणि नावं झाकून फक्त क्रमांक दिलेत की तो शोधताही येत नाही. यावर मी तरी दोनच उपाय पाहिले आहेत. सरकारी आरोग्य ओळखीचा चौदा आकडी आभा क्रमांक असेल तर तो सांकेतिक रूपात जुळवायचा. आणि संमती घेताना सरळ विचारायचं, ‘याआधी कुठे कुठे दाखवलंत?’ नातेवाईक पिशवीतून सगळ्या फायली काढून समोर ठेवतात. हा प्रश्न फॉर्ममध्ये छापा.

आता मालकी. डेटा कोणाचा, यावर पाच रुग्णालयांचे पाच वकील बसवलेत तर वर्ष जाईल. त्यापेक्षा डेटा हलवूच नका. ‘एनिग्मा’ नावाच्या जागतिक गटाने जगभरातल्या मेंदूच्या स्कॅनचं बरंच काम असंच केलं: प्रत्येक केंद्राने एकच ठरलेली प्रक्रिया आपल्याच कॉम्प्युटरवर चालवायची आणि फक्त आलेले आकडे पाठवायचे. तुमच्या पहिल्या अभ्यासात तर आकडेसुद्धा नाहीत, हो-नाहीचे रकाने आहेत. वाचणाऱ्याला दुसऱ्या केंद्राचे स्कॅन दाखवायचे असतील तेवढ्यापुरतेच ओळख पुसलेले स्कॅन एका सर्व्हरवर ठेवा, कोण कधी उघडतंय याची नोंद होईल असा. कॉम्प्युटरची बाजू सांभाळायला पुण्यात माणसं मिळतात. सी-डॅक आहे, आयसर आहे, विद्यापीठ आहे. एखादा पीएचडीचा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. आकडेमोडीला माणूस शेवटी शोधायला गेलं की तो आधी काय चुकलं तेवढंच सांगू शकतो.

ओळख पुसणं म्हणजे नाव खोडणं नव्हे. डायकॉमच्या हेडरमध्ये जन्मतारीख, रुग्णालय, नोंदणी क्रमांक असतातच, शिवाय कंपनीचे खासगी रकाने असतात, त्यांतही काय काय सापडतं. काही चित्रांवर नाव थेट छापलेलं असतं. आणि थ्रीडी स्कॅनमधून चेहरा उभा करता येतो. २०१९ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांचे एमआरआय आणि फोटो घेऊन चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला जोड्या लावायला सांगितल्या, तर त्याने ७० जण बरोबर ओळखले. तेव्हा चेहरा पुसणारं सॉफ्टवेअर वापराच. फक्त ते डोळ्याची नस कापत नाही ना, हे प्रत्येक स्कॅनवर तपासा. आपला निम्मा आजार त्या नसेत आहे!

परवानग्या. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं अनेक केंद्रांच्या अभ्यासाला सामाईक नैतिक परीक्षणाची सोय देतात, पण प्रत्येक संस्था ती मानतेच असं नाही. पाचही संस्थांच्या नैतिक समित्यांच्या सचिवांना आधी फोन करा. एखादीची बैठक तीन महिन्यांतून एकदाच असेल, तर तुमचं वेळापत्रक तीच ठरवणार. जुन्या स्कॅनसाठी संमतीतून सूट मागता येते, नव्यासाठी संमती घ्यावीच लागते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे, अटींसह. ती आपोआप लागू होते असं धरून चालू नका, संस्थेच्या कायदा विभागाकडून लेखी घ्या. परदेशी विद्यापीठ किंवा परदेशी पैसा आत आला तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी आयसीएमआरमार्फत घ्यावी लागते. पहिल्या वर्षी परदेशी भागीदार नको, असं माझं मत आहे. ते आले की प्रश्न त्यांचा होतो आणि आपण स्कॅन पुरवणारे उरतो.

पेपरवर कोणाचं नाव कितवं, हे पहिला स्कॅन उघडायच्या आधी लिहून काढा. पहिला अभ्यास एका केंद्राचा, दुसरा दुसऱ्याचा, असं पाळीने. सोलापूर आणि कोल्हापूरला एकेक पेपर ठरवून द्या, नाहीतर ‘पुणेकर बोलावतात, डेटा घेतात आणि आभारप्रदर्शनात नाव टाकतात’ ही तक्रार तुमच्या आधीपासून चालत आलेली आहे आणि ती खोटी नाही. टेक्निशियनचंही नाव असू द्या.

सोलापूरचं दीड टेस्लाचं मशीन वगळावं का? अजिबात नको. डागांची जागा, मज्जारज्जू, डोळ्याची नस, यांना ते पुरतं. डागाच्या मधोमध शीर दिसणं किंवा त्याच्या कडेची लोहाची रिंग, ही जी नवी चिन्हं एमएसच्या ताज्या निकषांत आली आहेत, त्यांसाठी मात्र तीन टेस्ला बरं. त्या उपअभ्यासात सोलापूर नसेल एवढंच. एनएमओचे उशिरा पोचलेले रुग्ण तुम्हाला तिथेच जास्त भेटतील.

पैशांचं म्हणाल तर पहिल्या वर्षाला फार लागत नाहीत. अँटिबॉडीच्या तपासण्या, एक डेटा ऑपरेटर, सर्व्हर. मोठ्या ग्रँटचा अर्ज वाचनाचा अभ्यास हातात आल्यावर करा. दरम्यान मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची पुण्यात शाखा आहे, त्यांना भेटून या. संमतीपत्राचा मराठी मसुदा त्यांच्या दोघा-तिघांना वाचायला द्या. रुग्ण हमखास विचारतात, ‘माझ्या स्कॅनमध्ये नवीन काही दिसलं तर मला कळवणार का, आणि कोण कळवणार?’ वाचणारा पुण्यात, रुग्ण पंढरपूरला, त्याचे डॉक्टर सोलापुरात. याचं उत्तर समितीपुढे जायच्या आधी पाचही केंद्रांनी मिळून ठरवा, आणि रुग्णाला फोन करणाऱ्या डॉक्टरचं नाव प्रत्येक केंद्राच्या संमतीपत्रात छापा.